काय पडलंय?

“मावशी, काय पडलंय?”

पुराच्या नुकसानीचा पंचनामा करायला आलेल्या, दारात उभ्या असलेल्या मुलाने विचारलं. त्याच्या हातात पॅड होतं, पॅडवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत छापील तक्ता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सकाळपासून तो गल्ल्या तुडवत असणार, चेहऱ्यावरच दिसत होतं. आईने एकदा घराकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. म्हणाली, “पडलं काही नाही रे बाळा. सगळं भिजलंय.”

त्याने आत डोकावून पाहिलं. भिंतीला हात लावला, वर बघितलं. पत्रे जागेवर होते, चारही भिंती उभ्या होत्या. मग त्याने तक्त्यात एक शब्द लिहिला आणि आईकडे सहीसाठी पॅड दिलं. मी आईच्या खांद्यावरून वाचलं. ‘निरंक’. म्हणजे नुकसान शून्य.

ऑगस्ट 2019 चा पहिला आठवडा होता. त्या शनिवार-रविवारी ठाण्यात पाऊस थांबायला तयार नव्हता आणि खाडीला उधाण होतं. विटाव्याच्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी कमरेइतकं पाणी होतं. मी ऐरोलीहून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, तेव्हा पाणी ओसरून घोट्यावर आलं होतं. आई आणि भाऊ पोटमाळ्यावर बसून होते. गॅसचा सिलिंडर मोरीजवळून तरंगत दारापर्यंत आलेला. पिठाचा डबा उलटा. कापसाच्या दोन गाद्या अशा फुगलेल्या, की चौघांना मिळून उचलेनात. प्लायवुडच्या कपाटाची पापुद्र्यांसारखी सालपटं निघत होती. आणि वास. तो वास ज्याच्या घरात एकदा शिरलाय त्याला सांगायला नको: गटार, रॉकेल, ओला कापूस आणि खाडीचा चिखल यांचा एकत्र वास, जो फिनाईलने जात नाही, उन्हाने जातो, आणि ऊन तर दसऱ्याशिवाय पडत नाही.

त्या मुलाचा मला राग आला नाही, आजही येत नाही. त्याच्या तक्त्यात जे रकाने होते ते त्याने भरले. पूर्णतः नष्ट. अंशतः पडझड. झोपडी. गोठा. आमच्या घराचं जे झालं होतं त्याला रकाना नव्हता. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले: पुरात भिजलेल्या खासगी घराच्या दुरुस्तीला सार्वजनिक पैसा का लागावा, आणि तो कसा द्यावा.

घर पडणं ही आपल्याकडे सरकारी भाषेत नुकसानीची व्याख्या आहे. ती मुळात गावाकडची व्याख्या आहे, आणि तिथे ती बरोबरच आहे. मातीची भिंत भिजली की बसते, वाऱ्याने पत्रे उडतात, नदी आली की घर घेऊन जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून किती मदत द्यायची याचे निकष केंद्र सरकार ठरवतं. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत, सपाट प्रदेशात घर पूर्ण नष्ट झालं किंवा भारी पडझड झाली तर 1,20,000 रुपये. पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली असेल तर 6,500. कच्चं घर असेल तर 4,000. झोपडीला 8,000. गोठ्याला 3,000. मोठ्या रकमेसाठी अट अशी, की घर अधिकृत बांधकाम आहे असं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं हवं.

हे आकडे वाचताना मी बाबांच्या नजरेने वाचते. माझे बाबा गवंडी होते. आज ठाण्यात गवंड्याची हजेरी हजार-बाराशे आहे, बिगाऱ्याची आठशे-नऊशे. म्हणजे 6,500 रुपयांत दोघांची तीन दिवसांची मजुरी सुटते. सिमेंट, रेती, लादी, वायर यांचा हिशोब अजून सुरूही झालेला नसतो. आणि हे 15 टक्के पडझड दाखवता आली तर. कमरेइतक्या पाण्यात सहा तास उभी राहिलेली विटांची भिंत पडत नाही. एक टक्काही पडत नाही. ती पाणी पिते.

खाडीचं पाणी प्यायलेली भिंत म्हणजे काय, हे मला बाबांनी 2005 मध्ये दाखवलं होतं. 26 जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्या मुंबईला पाठ आहे. पण त्या दिवशी कळवा, विटावा, राबोडी, वृंदावन सोसायटी, पुढे कल्याण-बदलापूरपर्यंत काय झालं, ते ज्याचं त्याने सोसलं. मी एकोणीस वर्षांची होते. पारसिकच्या डोंगरावरून येणारं पाणी आणि खाडीकडून चढणारं पाणी यांच्या मधोमध आमची वस्ती. रात्री आम्ही शेजारच्या एकमजली घराच्या गच्चीवर बसून काढली. सकाळी उतरलो तेव्हा आमच्या भिंतीवर माझ्या गळ्याशी येईल अशी एक करडी रेघ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ.

दीड महिन्यात गणपती होते, 7 सप्टेंबरला. आमच्या गल्लीत सगळ्यांनी तेच केलं जे सगळे करतात. भिंत पुसली, पुट्टी भरली, रंग मारला. घरात देव येणार तर भिंत चांगली दिसायला हवी, हे मी समजू शकते. मी स्वतः ब्रश घेऊन बसले होते. बाबा मला थांबवत म्हणाले, “थांब. आधी सोल.” त्यांनी छिन्नी-हातोडी घेऊन रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंत सगळा गिलावा उतरवला. आतल्या विटा काळ्या झाल्या होत्या. “हे वाळल्याशिवाय बंद केलंस तर पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, आणि वर चढतं.” पाण्यात मीठ असलं तर आणखी वाईट. पाणी वाळतं, मीठ राहतं, दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं आणि गिलावा आतून ढकलत राहतं. त्याला लोणा म्हणतात. पांढरी बुरशीसारखी दिसणारी ती पूड लहानपणी आम्ही बोटाने खरवडायचो. सळईपर्यंत हे मीठ पोचलं की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. पण हे व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. पुराच्या चौथ्या दिवशी तक्ता घेऊन येणाऱ्याला ते कुठून दिसणार?

त्या वर्षी आमच्याकडे सोललेल्या भिंतींत गणपती बसला. आईने मखराच्या मागे जुनी पैठणी लावली. आलेगेले विचारत, “काम अर्धवट राहिलं का हो?” बाबा सांगत, “वाळतंय.”

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच आठवड्यात केली. गवंड्यांकडे लेव्हलची नळी असते. बोटाएवढ्या जाडीची, पारदर्शक, पाण्याने भरलेली. एक टोक एका खुणेवर धरायचं, दुसरं टोक घेऊन कुठेही जायचं, भिंतीपलीकडे, रस्त्यापलीकडे. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला थांबतं. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढीच काळजी. आमच्या भिंतीवरच्या रेघेत बाबांनी एक खिळा ठोकला. नळीचं एक टोक त्या खिळ्याला लावून आईच्या हातात दिलं, दुसरं माझ्या. आणि मग आम्ही गल्लीतल्या बारा घरांत गेलो. प्रत्येक घरात नळीतलं पाणी थांबे तिथे पेन्सिलची खूण करायची, तिथून खाली लादीपर्यंत टेप लावायचा आणि माझ्या कॉलेजच्या वहीत आकडा लिहायचा. नळी पुरली नाही की एका घरातली खूण धरून पुढे.

पाण्याची रेघ सगळीकडे एकच होती, तिच्यावरच आमच्या पेन्सिलच्या खुणा येत होत्या. लाद्या मात्र एका पातळीला नव्हत्या. गल्लीच्या तोंडाच्या घरात खूण लादीपासून साडेतीन फुटांवर, तर नाल्याकडच्या शेवटच्या घरात जवळपास सहा फुटांवर. अडीच फुटांचा फरक. म्हणजे पहिल्या घराच्या दारात पाणी येतं तेव्हा शेवटच्या घरातलं माणूस खुर्चीवर चढलेलं असतं. पण मदतीच्या यादीत बारा घरांपुढे एकच शेरा होता.

बाबांनी ती पानं एका कार्यालयात नेऊन दिली. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि सांगितलं की हे कुठे लावायचं ते त्याला कळत नाही. पानं परत आणली. ती वही अजून आमच्याकडे आहे.

आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तीन पायऱ्या चढून दारात जावं लागायचं. माप ओलांडतानाचा तिचा फोटो आहे, त्यात पायऱ्या स्पष्ट दिसतात. मी शाळेत जाईपर्यंत एक पायरी उरली होती. आज गल्लीतून दोन पायऱ्या उतरून घरात जायचं. घर खचलेलं नाही. गल्ली वर आली. पाच-सहा वर्षांनी कुणाच्या तरी निधीतून काम निघतं; आधी लाद्या, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक, मग पुन्हा काँक्रीट. जुनं उखडून टाकायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून जुन्यावरच नवं चढतं. दर वेळी चार-सहा इंच. फलक लागतो, नारळ फुटतो, आम्हीही टाळ्या वाजवतो, कारण चिखलातून शाळेत गेलेल्या मुलीला काँक्रीटच्या गल्लीचं मोल ठाऊक असतं.

पण प्रत्येक वेळी घराचा उंबरठा तेवढाच खाली गेला. सार्वजनिक पैसा आमच्या घरापर्यंत आधीच पोचलेला आहे, तो या अर्थाने. गल्लीचं काँक्रीट त्या पैशाने झालं, नाल्याची भिंत त्या पैशाने उंचावली, पलीकडचा रस्ता भराव टाकून त्या पैशाने झाला. या कामांचा फायदा शहराने घेतला आणि आम्हीही घेतला. उतरून आलेलं पाणी मात्र ज्यांचं जोतं सगळ्यांत खाली होतं त्यांच्या वाट्याला आलं. मग त्या घराचं जोतं उचलून देणं हा त्या रस्त्याच्या कामाचाच उरलेला भाग आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात तो धरायला हवा होता. नाल्यावरचा पूल बांधताना दोन्ही बाजूंचे उतार धरतात ना, तसा.

2006 च्या उन्हाळ्यात बाबांनी आमचं जोतं स्वतःच उचललं. दहा बाय वीसची खोली, दीड फूट भर, म्हणजे तीनशे घनफूट, तीन ब्रास डबर. एका पाडकामावरून त्यांनी ते टेम्पोने आणलं. वर कोबा, वर लादी. चौकट वर सरकवायला पैसे नव्हते, म्हणून भाऊ अजूनही दारातून वाकून आत येतो. पंखा काढून भिंतीवरचा लावला. समोरच्या काकूंना वाटलं, आता यांच्या वाटचं पाणीही आपल्याकडे येणार. बाबांनी त्यांना समजावलं, की पाणी खाडीचं आहे, तीन ब्रासने त्याला फरक पडत नाही. हिशोबाने ते खरं होतं. पण पावसाळ्यात दोन घरांपैकी एकाच घरात पाणी शिरलं की हिशोब ऐकून घ्यायला कुणी नसतं. काकूंनी दोन वर्षं आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

काकू भाडेकरू. घराचे मालक दुसरीकडे राहायचे. काकूंनी तीस वर्षं त्या भिंती स्वतःच्या पैशाने रंगवल्या, मोरी बांधली, पत्रे बदलले. एका वर्षी पंचनाम्यात त्यांच्या खोलीची पडझड धरली गेली तेव्हा पैसे कागदावर नाव असलेल्याच्या खात्यात गेले. भिंत काकूंनीच लिंपली, मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडून. घराच्या दुरुस्तीचा पैसा घराच्या मालकीला चिकटवला की असं होतं. ओल मालकाच्या छातीत जात नाही. जो त्या खोलीत झोपतो त्याच्या जाते.

आता खाडीच्या याच काठाला, जिथे मी राहते त्या नवी मुंबईत, काय आहे ते बघा. सिडकोची स्थापना 1970 ची. नवी मुंबईच्या आखणीत एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य केली गेली: वाशीसारख्या भागातली बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव खोदले. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. ओहोटीला तलावाच्या तोंडाची झडप उघडते, पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीच्याच दाबाने झडप मिटते. आगरी शेतकरी खारभूमीच्या बांधांना उघाडी, म्हणजे पाण्याची दारं, ठेवायचे, तत्त्व तेच. वाशीच्या मिनी सीशोअर किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या धारण तलावांना सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांपैकी कितीजणांच्या लक्षात येत असेल, की आपण आपल्याच घरांच्या संरक्षणाभोवती चालतोय. या तलावांत गाळ भरला, गाळात खारफुटी रुजली. खारफुटीला उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, त्यामुळे परवानगीवाचून गाळ काढता येत नाही. दर पावसाळ्याआधी त्यावर चर्चा होते. तरीही मुद्दा राहतोच: इथे घर कोरडं राहावं म्हणून सार्वजनिक पैसा पूर येण्याआधी खर्च झाला. आणि तो कुणाला दान वाटला नाही. त्याला नियोजन म्हटलं गेलं.

विटाव्याला पाणी दारातून येतं असं वाटतं ना? ते आधी मोरीतून येतं. नाला भरला की मोरीच्या भोकातून गुडगुड आवाज येतो, मग काळं पाणी उलटं वर चढतं. आई त्या भोकात फडकं कोंबून त्यावर पाट, पाटावर पाटा-वरवंटा ठेवते. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे येतं. धारण तलावाच्या तोंडाशी जी झडप असते तीच लहान आकारात मोरीच्या पाइपला बसते. प्लंबर तिला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. हजार-दोन हजारांत बसवून होते. तिने कमरेचं पाणी थांबणार नाही, पण वर्षातून चार वेळा येणारं घोटाभर घाण पाणी थांबेल. बारा घरांना बारा झडपा. मी वाचलेल्या मदतीच्या निकषांत ही वस्तू नाही, कारण ती पडझडीत मोडत नाही.

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या आत्याचं घर तळमजल्यावर होतं. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. फावड्याने चिखल काढत होतो. त्या वर्षी राज्य सरकारने केंद्राच्या निकषांच्या वर मदत जाहीर केली: पूर्ण नष्ट घराला 1,50,000, पन्नास टक्के पडझडीला 50,000, पंचवीस टक्क्यांना 25,000, किमान पंधरा टक्क्यांना 15,000. शिवाय कुटुंबामागे 10,000 सानुग्रह अनुदान. आत्याला त्याचा आधार झाला, हे मी मनापासून सांगते. पहिल्या महिन्यात तिच्या हातात रोख रक्कम होती हीच मोठी गोष्ट. पण तिनेही घर जसं होतं तसंच परत केलं. स्विचबोर्ड त्याच उंचीवर, ओटा तोच, फ्रिज त्याच कोपऱ्यात. मी तिला म्हटलं, “आत्या, निदान बोर्ड तरी वर घ्यायचा.” ती म्हणाली, “त्याचे कुठे देतात?” खरंच होतं. मोडलेलं जोडायला पैसे मिळतात, पुढच्या वेळी मोडू नये म्हणून मिळत नाहीत.

ब्रिटनमध्ये पुराच्या विम्यासाठी 2016 पासून फ्लड री नावाची व्यवस्था आहे. 2022 पासून त्यात सहभागी झालेल्या विमा कंपन्या घर पूर्ववत करण्याच्या खर्चावर आणखी 10,000 पौंडांपर्यंत देऊ शकतात, ते याचसाठी: बोर्ड उंच घ्या, पाण्याने खराब न होणारी जमीन घाला, झडपा बसवा. अमेरिकेत राष्ट्रीय पूर विमा योजनेत सामील असलेल्या गावांत, पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर ते घर नुसतं दुरुस्त करता येत नाही, निदान पुराच्या ठरलेल्या पातळीपर्यंत उचलावं लागतं. आपल्या राज्यातही नव्या बांधकामासाठी विचार झालेला आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत नदीकाठच्या निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराच्या) आणि लाल (त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराच्या) पूररेषांच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या 0.45 मीटर वर हवं. 0.45 मीटर म्हणजे दीड फूट. बाबांनी अंदाजाने घातलेली भर नेमकी तेवढीच होती, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. नव्या घराने किती उंच असावं हे आपण लिहून ठेवलंय. जुनं घर तिथपर्यंत कोणाच्या पैशाने चढणार, हे लिहायचं राहिलंय.

आमच्याकडे जेवायला आलेले नवऱ्याचे एक मित्र मला म्हणाले होते, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण खाडीच्या तोंडावर घर घेतलंत, मग दर वर्षी दुरुस्ती आमच्या कराच्या पैशातून का?” प्रश्न सरळ होता आणि मी त्यावर खूप विचार केला. काही घरं खरोखर हलवायला हवीत, हे मला मान्य आहे. आमच्या गल्लीतली नाल्याकडची शेवटची दोन घरं, जिथे सहा फूट पाणी होतं, तिथे कितीही भर घाला, उपयोग नाही. त्या दोन कुटुंबांना चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर मिळायला हवं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला वीस किलोमीटर दूर फ्लॅट दिला तर ती फ्लॅट विकून परत नाल्यावर येते. पण उरलेल्या दहा घरांचं काय? ती दीड-दोन फुटांनी वाचणारी आहेत.

आणि खासगी घराची दुरुस्ती सार्वजनिक पैशाने करायची नाही, हे तत्त्व आपल्याकडे कधीच नव्हतं. मुंबई शहरातल्या जुन्या चाळी पडू लागल्या तेव्हा 1969 मध्ये कायदा झाला, दुरुस्ती मंडळ स्थापन झालं, उपकर लावला गेला. सुरुवातीला 19,642 इमारती त्यात होत्या. खासगी मालकांच्या इमारती, आणि दुरुस्ती मंडळाने करायची, का, तर आत माणसं राहतात. त्या मंडळाच्या कामात कितीतरी उणिवा असतील. पण माणूस राहतोय तर भिंत उभी राहायला हवी, एवढं त्या कायद्याला कळलं होतं. तो कायदा माहीम-सायनला थांबतो. ठाण्याला तसा कायदा नाही, आणि भिजलेल्या घरासाठी तर कुठेच नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. पंचनाम्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: पाणी लादीपासून किती वर आलं. फूट आणि इंच. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, भिंतीवर रेघ असतेच, टेप लावायचा. तो आकडा असला की कुठलं घर झडपेने भागेल, कुठल्याचं जोतं उचलायचं, कुठल्याचं फक्त बोर्ड आणि ओटा वर घ्यायचा, कुठलं घर हलवायचं, हे बाबांसारखा कुठलाही गवंडी सांगेल. आणि दुरुस्तीचे पैसे दोन टप्प्यांत द्यावेत: काही लगेच, चूल पेटायला, उरलेले दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. आज सगळा पैसा ओल्या भिंतीवर रंग मारण्यात जातो.

बाबा 2014 मध्ये गेले. गेल्या मे महिन्यात भावाने आणि मी पैसे जमवले आणि घराचं काम काढलं. पावसाळ्याआधी. रेघेपर्यंतचा गिलावा काढायचा, बोर्ड पाच फुटांवर घ्यायचे, मोरीला झडप, प्लायवुडच्या जागी कडाप्प्याचे कप्पे. मिस्त्री तरुण, कामाला चोख. त्याने लेझरची लेव्हल आणली होती. घरात तिची लाल रेघ झकास पडली. आई म्हणाली, “समोरही धर की. त्यांनाही झडप बसवायची आहे, किती उंचीवर काय येतं ते बघू दे.” मिस्त्री यंत्र घेऊन गल्लीत आला तर मेच्या उन्हात रेघ दिसेचना.

आई आत गेली. पोटमाळ्यावरून तिने एक गुंडाळी काढली. नळी पिवळी पडली होती, पण फुटली नव्हती. मिस्त्रीने ती धुतली, पाणी भरलं, बोटाने टिचक्या मारत बुडबुडे बाहेर काढले. आईने एक टोक बाबांच्या खिळ्याला लावलं. मी दुसरं घेऊन काकूंच्या दारात गेले. काकू आता पंच्याहत्तरीच्या आहेत. त्यांनी स्वतः भिंतीशी येऊन नळी सरळ धरली, पाणी हलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून उभ्या राहिल्या.

“आलं गं,” त्या ओरडल्या. मिस्त्रीने पेन्सिलने खूण केली. खूण त्यांच्या कपाळाच्या वर होती.

पलीकडच्या घरातली सून बाहेर आली. म्हणाली, “ताई, आमच्याकडेही बघता का?” नळी तिथपर्यंत पुरत नव्हती. मिस्त्रीने काकूंच्या भिंतीवरची खूण धरली आणि तिथून पुढे नव्याने लावली.